विंडोज होमला पैसे घ्यायचे आणि रिमोट डेस्कटॉपसाठी वेगळे?

कुळागर: विंडोज ११ची घरगुती आवृत्ती होम अमेरिकेत १३९ डॉलर, वरची आवृत्ती प्रो जवळपास २००. एवढे मोजून होममध्ये रिमोट डेस्कटॉपने दुसऱ्याच्या मशीनवर जाता येतं पण आपल्या मशीनवर बाहेरून येता येत नाही, ग्रुप पॉलिसी एडिटर (विंडोजचे आतले नियम ठरवायचं साधन) नाही, डिस्क कुलूपबंद करणारं बिटलॉकरही अर्धवट. प्रो हवं तर वर ९९ डॉलर भरा. आणि २०२१ला ११ आलं तेव्हा टास्कबार वर-बाजूला न्यायची, त्यावर फाइल ओढून टाकायची जी सोय १०मध्ये होती तीच काढलेली, त्यातलं ओढणं २०२२मध्ये परत आलं. आधी काढायचं, मग परत देऊन अपडेट म्हणून मिरवायचं!

म्हापसेकर: अरे बाबा, सुटं लायसन्स घेतो कोण, लॅपटॉपबरोबरच येतं ना. आणि म्हापशाच्या बाजारात ग्रुप पॉलिसी उघडलेला एक दुकानदार दाखव. ज्याला ऑफिसच्या कामासाठी लागतं त्याने प्रोचे पैसे द्यावे, यात अन्याय कसला?

कुळागर: लॅपटॉपच्या किमतीत ते धरलेलंच असतं हो, बिलात वेगळं दिसत नाही एवढंच. आणि ऑफिस कसलं, पोरगा पुण्याला, आई पर्वरीला, तिच्या पीसीत काय बिघडलं ते त्याने बघायचं कसं?

म्हापसेकर: क्विक असिस्ट आहे ना, विंडोजचंच दुरून मदत करायचं ॲप. होममध्ये चालतं, फुकट.

कुळागर: त्याला पलीकडे आईने बसून कोड टाकावा लागतो, परवानगी द्यावी लागते. ती देवळात गेली की संपलं.

रापणकार: दोघंही भांडत बसा, मी विंडोज काढून लिनक्स मिंट ही फुकट सिस्टिम टाकलीय. मुद्दा प्रो-होमचा नाहीच पात्रांव, १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा सपोर्ट बंद केला आणि ११ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप नि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो, म्हणजे सातव्या पिढीचं धडधाकट मशीन काय भंगारात घालायचं?

म्हापसेकर: लगेच भंगारात कशाला, घरगुती वापराला आणखी वर्षभर सिक्युरिटी अपडेट ठेवलेत की, ३० डॉलर.

रापणकार: म्हणजे परत पैसे! आणि ते वाचवायचे तर मायक्रोसॉफ्ट अकाउंटने साइन इन करून सेटिंग्ज सिंक करा म्हणे.

म्हापसेकर: मग मिंटवर हिशेबाचं टॅली लावून दाखव, जुगाड न करता. आणि श्रीलिपी या जुन्या फॉन्ट-सॉफ्टवेअरमधल्या फाइली, चवथीच्या आरत्यांच्या पुस्तिका, लग्नपत्रिका, सगळ्या युनिकोडात कोण बसून बदलणार? डीटीपीवाल्याला विंडोज महाग पडत नाही, ते सोडणं महाग पडतं.

कुळागर: बरोब्बर! तुम्हाला सोडता येत नाही हे त्यांना माहीत आहे म्हणून तर ९९ डॉलर मागतात. हेच तर मी मघापासून बोंबलतोय. टॅलीपुरतं विंडोज मलाही लागतंच, पण होमवाल्याला आपल्याच पीसीत बाहेरून शिरायला द्या ना, ग्रुप पॉलिसी ठेवा प्रोवाल्यांना.

रापणकार: टॅलीचा मुद्दा मान्य. बाकी कुळागरबाब, आईच्या पीसीत टॅली आहे का? नसेल तर मिंट टाका, एसएसएचने, म्हणजे दुरून कमांड देऊन, पुण्याहून आत शिरता येतं, नेट कसं जोडायचं ते सांगतो.

कुळागर: तिला पत्त्यांचा गेम लागतो. तोच पाहिजे, तसाच दिसणारा.