पैसे हाती कधी पडतात?
छोट्या अनुदानाने लोककलाकाराचं काही भलं होत नाही, असं काही जण म्हणतात, ते मला पटत नाही. वाद्याची दुरुस्ती, दौऱ्याचा प्रवास किंवा एखादं नीट ध्वनिमुद्रण एवढ्यात होऊन जातं, आणि त्या ध्वनिमुद्रणावर पुढचे कार्यक्रम मिळतात. मोठे सन्मान बहुधा उतारवयात येतात. अमेरिकेची लोककलाकारांसाठीची, १९८२ पासूनची नॅशनल हेरिटेज फेलोशिपही आयुष्यभराच्या कामासाठीच दिली जाते. ऐन उमेदीतल्या कलाकाराला आजच्या खर्चाला हातभार हवा असतो.

पण अनुदानाच्या या चर्चेत एक गोष्ट कुणीच काढली नाही. आधी खर्च करा, पावत्या जोडा, मग परतावा, अशी अट असली की गाठीला पैसा नसलेला कलाकार अर्जच करत नाही. निम्मी तरी रक्कम आगाऊ द्यायलाच हवी.