मदत हवी आहे: शॉर्टफिल्ममधल्या रिव्हॉल्व्हरचा जाळ आणि आवाज खोटा वाटतोय

पेठेतला_एडिटर: मंडळी, एडिटिंग अडकलंय. क्लायमॅक्सला रिव्हॉल्व्हरमधून एक गोळी सुटते. जाळ कॉम्प्युटरवर टाकलाय, आवाज नेटवरच्या लायब्ररीतून घेतलाय. बघणारा प्रत्येक जण म्हणतो, खोटं वाटतं. रविवारी महोत्सवाची मुदत संपतेय. काय चुकतंय ते लवकर सांगा, प्लीज.

मुठाकाठ: रिव्हॉल्व्हर कुठलं? नळी केवढी? दिवस की रात्र? खोलीत की बाहेर? एवढं तरी लिहा.

पेठेतला_एडिटर: मोठं, पॉवरफुल. रात्रीचा सीन, वाड्याच्या बोळात. नळीचा काय संबंध?

खडकीकर: सगळा संबंध नळीशीच आहे. काडतुसातली दारू जळून झालेला वायू नळीतून तापलेला बाहेर पडतो. त्यात कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन असतो, बाहेरच्या हवेतला ऑक्सिजन मिळाला की तो पेट घेतो. मोठा गोळा दिसतो तो हाच. नळी आखूड, दारू जास्त, की जाळ मोठा. १९५५ चं .४४ मॅग्नम किंवा २००३ चं .५०० मॅग्नम (आकडा म्हणजे गोळीची साधारण जाडी इंचात, मॅग्नम म्हणजे जास्त जोराचं काडतूस) रात्री उडवलं तर डोळे दिपतात. आणि रिव्हॉल्व्हरची खास खूण म्हणजे गोळ्यांचं फिरतं सिलिंडर आणि नळी यांच्यामधली बारीक फट. तिथूनही दोन्ही बाजूंना जाळ निघतो. तुम्ही तो दाखवलाय का? नटाचं बोट त्या फटीजवळ असेल तर शॉट बदला. मोठ्या रिव्हॉल्व्हरला तिथे बोट ठेवलं तर चांगलंच फाटतं.

लाइटवाला_सातारारोड: एवढं कशाला? नकली रिव्हॉल्व्हरमध्ये छोटा फटाका लावा, जाळही खरा, आवाजही खरा.

कानाची_डॉक्टर: कृपा करून हे करू नका. चेहऱ्यापासून हातभर अंतरावर फटाका म्हणजे डोळ्याला आणि कानाच्या पडद्याला थेट धोका. विसर्जनानंतर कानात शिट्टी वाजतेय म्हणून येणारे पेशंट दरवर्षी बघते मी. लक्ष्मी रोडच्या डीजेवर कुणी बोलणार आहे का?

नानाकाका: बोला ना! आमच्या खिडकीच्या काचा थरथरतात. ढोल परवडले म्हणतो मी.

मुठाकाठ: काका, वेगळा धागा काढा. एडिटर, जाळ किती फ्रेम ठेवलाय?

पेठेतला_एडिटर: पाच. कमी केला तर दिसणार कसा?

मुठाकाठ: इथेच घोळ आहे. खरा जाळ काही मिलिसेकंदांचा, आणि सेकंदाला २४ फ्रेम धरल्या तर एक फ्रेम साधारण ४२ मिलिसेकंदांची. म्हणजे एकच फ्रेम. पण त्या एका फ्रेममध्ये उजेड सगळीकडे पडला पाहिजे: नटाच्या गालावर, दाराच्या लोखंडी कड्यावर, भिंतीच्या पोपड्यांवर. पुढच्या फ्रेमला पुन्हा काळोख. नुसता नारिंगी गोळा चिकटवला की डोळा फसत नाही.

बालेवाडी_२५मीटर: पण पुण्यात .४४ आलं कुठून? तुमचं पात्र आहे तरी कोण?

पेठेतला_एडिटर: निवृत्त इन्स्पेक्टर.

बालेवाडी_२५मीटर: मग आधी सांगायचं! सरकारी हत्यार निवृत्तीला जमा होतं. घरी असेल ते परवान्याचं, बहुतेक कानपूरच्या सरकारी कारखान्यातलं .३२. त्यात दारू थोडी, जाळ छोटा. गोळी आवाजापेक्षा हळू जाते, त्यामुळे हवा फाडणारी 'टर्र' येतच नाही. .४४ ची गोळी आवाजाच्या वेगाच्या पुढे असते, तिथे ती येते. लायब्ररीतला आवाज बहुधा मॅग्नमचा किंवा रायफलचा असणार, म्हणून जुळत नाहीये.

पुणेरी_मामा: परवान्यासाठी पोलीस आयुक्तालयात अर्ज करावा लागतो. जिवाला धोका आहे हे पटवावं लागतं.

लाइटवाला_सातारारोड: सायलेन्सर दाखवा, आवाजाची कटकटच संपली.

खडकीकर: रिव्हॉल्व्हरवर सायलेन्सर निरर्थक. वायू त्या फटीतूनच निसटतो. सिनेमावाल्यांनी ही चूक किती वर्षं रेटलीय!

बालेवाडी_२५मीटर: सरसकट नाही, खडकीकर काका. १८९५ च्या रशियन नागांतमध्ये सिलिंडर पुढे सरकून फट बंद होते. त्याच्यावर चालतो.

खडकीकर: अपवाद मान्य. पुण्यातल्या इन्स्पेक्टरकडे नागांत नसतं, एवढंच माझं म्हणणं.

आवाजवाला: मूळ प्रश्नावर येतो. मॅग्नम रिव्हॉल्व्हरचा आवाज जवळून १६० डेसिबलच्या पुढे जातो. साधा माइक तिथे हात टेकतो आणि रेकॉर्डिंगमध्ये धडाका चपटा होतो. कुठलाही स्पीकर तो दणका देऊ शकत नाही, म्हणून व्हॉल्यूम वाढवत बसू नका. गोळीआधी बोळातला आवाज जवळजवळ शून्यावर आणा. मग छोटा, कोरडा ठोका. लगेच दोन्ही भिंतींवरून परतणारे आवाज, दाटीवाटीने, कारण बोळ अरुंद आहे. त्यानंतर काही क्षण सगळं बधिर ठेवा, पात्राचे कान बसलेत तसे. माझं स्पष्ट मत: माणसाला गोळी खरी वाटते ती या बधिरपणामुळे.

पेठेतला_एडिटर: एक फ्रेम केली, दारावर उजेड टाकला. एकदम फरक पडला! आभार. पण भिंतीवरून परतणारे आवाज घातले तर सगळं गढूळ होतंय. काय करू?

आवाजवाला: ऐकताय कशावर? लॅपटॉपच्या स्पीकरवर की हेडफोनवर?