स्प्रेडशीटमधील वेळेवरून चालण्याचा वेग आणि दर किलोमीटरचा वेळ कसा काढावा?

प्रश्न (परभणीहून)

नमस्कार. माझे वडील रोज पहाटे कृषी विद्यापीठाच्या परिसरात चालायला जातात आणि घरी परतल्यावर, चपला काढण्याआधीच, अंतर व लागलेला वेळ भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकटीत पेन्सिलने लिहून ठेवतात. त्या नोंदी मी एक्सेलमध्ये उतरवत आहे. कालचे अंतर ४.२ किलोमीटर आणि वेळ ०:४५:०० अशी नोंद आहे. अंतराला वेळेने भागले, तर उत्तर १३४.४ येते. फॉरमॅट बदलूनही आकडा जुळत नाही. एका किलोमीटरला किती मिनिटे लागली हेही मला हवे आहे, कारण वडिलांना ताशी वेगापेक्षा तो हिशेब चटकन कळतो. कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर (लातूरहून)

आपला भागाकार बरोबर आहे, परंतु त्याचे एकक आपल्याला हवे ते नाही. एक्सेल पूर्ण दिवसाला १ मानते आणि वेळ हा त्या दिवसाचा अंश म्हणून साठवते. त्यामुळे सेलमध्ये ०:४५:०० दिसत असले, तरी आतला आकडा ०.०३१२५ असतो. १३४.४ म्हणजे त्याच चालीने वडील चोवीस तास चालत राहिले असते, तर झालेले किलोमीटर. म्हणून वेळेला आधी २४ ने गुणावे, मग अंतराला त्या गुणाकाराने भागावे, ताशी ५.६ किलोमीटर हे उत्तर मिळेल. उत्तराच्या सेलचा फॉरमॅट मात्र साध्या संख्येचा ठेवावा.

दर किलोमीटरच्या वेळेसाठी २४ ची गरजच नाही. वेळेला थेट अंतराने भागावे आणि त्या सेलला मिनिटे व सेकंद दाखवणारा फॉरमॅट द्यावा. तेथे १०:४३ दिसेल. काही जण वेळेला १४४० ने गुणून मिनिटे काढतात. ते चुकीचे नाही, पण मग उत्तर १०.७१ असे येते आणि ते १० मिनिटे ७१ सेकंद असे वाचले जाते. वडिलांना दाखवायचे असेल, तर हा घोळ टाळलेला बरा.

वेळ भरताना ४५:०० असे लिहू नये, कारण एक्सेल ते ४५ तास समजते. पुढचे शून्य लिहावेच लागते.

प्रश्नकर्ता

मनःपूर्वक आभार, दोन्ही उत्तरे जुळली. आणखी एक अडचण आहे. धाराशिवहून तुळजापूरला आम्ही रात्री पायी गेलो होतो. रात्री १०:३० ला निघालो, पहाटे ४:०० ला पोहोचलो आणि मोबाईलने २२ किलोमीटर दाखवले. पोहोचण्याच्या वेळेतून निघण्याची वेळ वजा केली, तर सेलमध्ये नुसत्या हॅशच्या खुणा येतात.

उत्तर (धाराशिवहून)

मध्यरात्रीनंतर घड्याळ पुन्हा शून्यापासून सुरू होते, म्हणून वजाबाकी ऋण येते आणि एक्सेलला ऋण वेळ दाखवता येत नाही. वजाबाकीत १ मिळवावा, म्हणजे एक दिवस वाढेल. आपला वेळ ५:३०, वेग ताशी ४ किलोमीटर आणि दर किलोमीटरला १५ मिनिटे असा हिशेब येईल.

आठवड्याची सरासरी काढणार असाल, तर रोजच्या वेगांची सरासरी घेऊ नका. एका दिवशी ४५ मिनिटांत ४.२ किलोमीटर आणि दुसऱ्या दिवशी ३० मिनिटांत २ किलोमीटर झाले, तर दोन वेगांची सरासरी ४.८ येते, प्रत्यक्षात ७५ मिनिटांत ६.२ किलोमीटर, म्हणजे ताशी ४.९६ झालेले असतात. सगळे अंतर आणि सगळा वेळ वेगवेगळा मिळवून मगच भागाकार करावा. महिन्याची बेरीज २४ तासांपुढे गेल्यावर साधा फॉरमॅट पूर्ण दिवस गाळून उरलेलेच तास दाखवतो, म्हणून बेरजेच्या सेलला तासांची खूण चौकटी कंसात असलेला फॉरमॅट द्यावा.

प्रश्नकर्ता

तसे केले आणि सगळे जुळले. मागील महिन्यातल्या तीन नोंदींत वेग ०.०९ का दिसत होता, हेही आता उमगले: त्या तिन्ही ठिकाणी मीच ४५:०० लिहिले होते.