रात्री आवाज कमी केला की गाणं पातळ होतं – उपाय सुचवा, तातडीचं

जागरकर:
मंडळी, मदत हवी आहे आणि जरा लवकर हवी आहे. या शनिवारी-रविवारी खरेदी उरकून टाकायची आहे.
दिवसा माझी सिस्टिम झकास वाजते. रात्री मुलगी झोपली की आवाज कमी करतो आणि सगळी मजाच जाते. डग्ग्याची घुमक गायब, नुसती तबल्याच्या कडेची चाट ऐकू येते. तानपुऱ्याचा खर्ज तर नाहीच. गायकाचे शब्द कळतात, पण माणूस समोर बसलाय असं वाटत नाही. थोडा आवाज वाढवला की सगळं परत येतं, पण तेवढा वाढवता येत नाही.
जास्त वॉटचा अँप (अँप्लिफायर) घेऊ की स्पीकर बदलू? बजेट चाळीस हजार. कृपया हेडफोन सुचवू नका.

खर्जप्रेमी:
अँप कोणता, स्पीकर कोणते, तुम्ही किती लांब बसता, काय ऐकता? एवढं सांगितल्याशिवाय कोणी काय सांगणार?

सूरमय:
खरं सांगू का, रात्रीसाठी चांगला ओपन-बॅक हेडफोन घ्या. चाळीस हजारांत जो हेडफोन येईल त्याच्या तोडीचे स्पीकर घ्यायला दोन लाख लागतील. मी स्वतः स्पीकर विकून टाकले.

जागरकर:
सूरमय, मुलगी रडली तर मला ऐकू यायला हवं, म्हणून हेडफोन नको लिहिलं होतं.
खर्जप्रेमी, अँप यामाहा ए-एस३०१, स्पीकर ५ इंची वूफरचे बुकशेल्फ. ऐकतो बहुतेक खयाल, कधी नाट्यसंगीत.

क्लासए_भक्त:
अँपमध्ये दम नाही, हेच कारण. कमी आवाजातसुद्धा मागे ताकद असेल तरच स्पीकरवर पकड राहते. जुना, जड, क्लास ए अँप शोधा. पहिला वॉट चांगला तर सगळं चांगलं.

हिशेबी:
जरा आकडे बघूया. स्पीकरची संवेदनशीलता ८६ डेसिबल धरली, म्हणजे १ वॉटला १ मीटरवर ८६ डेसिबल. रात्री आपण ऐकतो ६० च्या आसपास. २६ डेसिबल खाली म्हणजे साधारण अडीच मिलिवॉट. एका वॉटचे हजार भाग केले तर त्यातले जेमतेम अडीच! तिथे ६० वॉटचा अँप कमी पडतो आणि १५० वॉटचा पुरतो, हे कसं काय?

क्लासए_भक्त:
आकडे ऐकू येत नाहीत, गाणं ऐकू येतं. मी बदलून बघितलंय.

खर्जप्रेमी:
भांडू नका. हा प्रश्न अँपचा नाही, कानाचा आहे. बेल लॅब्समध्ये फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ साली हे मोजून ठेवलंय, पुढे इतरांनी नव्याने मोजलं आणि त्यावरून आयएसओ २२६ हे आंतरराष्ट्रीय मानक झालं. १००० हर्ट्झचा आवाज ४० डेसिबलला जेवढा वाटतो, तेवढाच वाटायला ६३ हर्ट्झला साधारण ७३ डेसिबल लागतात. मोठ्या आवाजात हा फरक बराच कमी असतो. म्हणजे तुम्ही व्हॉल्यूम खाली आणता तेव्हा यंत्र सगळं सारखंच कमी करतं, पण कानाला खर्ज मध्य सप्तकापेक्षा फार लवकर ऐकू येईनासा होतो.
आता हे तुमच्या गाण्याला लावून बघा. काळी एकला (पेटीची पहिली काळी पट्टी षड्ज धरून) गाणाऱ्या गवयाच्या तानपुऱ्याची खर्जाची तार ६९ हर्ट्झच्या आसपास असते. काळी पाचला गाणारी बाई असेल तर तीच तार ११६-११७ ला. एकाच व्हॉल्यूमवर दोघांच्या मैफली लावून बघा, पुरुषगायकाच्या वेळी जास्त पातळ वाटेल. बसतंय का तुमच्या अनुभवात?

जागरकर:
हो!! अगदी हेच. बाईंचं गाणं रात्री त्या मानाने बरं वाटतं, मला वाटायचं रेकॉर्डिंगचा फरक. मग आता काय विकत घेऊ?

खर्जप्रेमी:
काहीच नाही. तुमच्या अँपला लाउडनेसचं बटन आहे ना? फिरणारं? ते कुठे आहे सध्या?

जागरकर:
‘फ्लॅट’ या खुणेवर, म्हणजे बंदच. आणि प्युअर डायरेक्ट चालूच असतं. टोन कंट्रोलने सिग्नल खराब होतो म्हणतात.

खर्जप्रेमी:
प्युअर डायरेक्टमध्ये बास, ट्रेबल, बॅलन्स आणि लाउडनेस, चारही बायपास होतात. म्हणजे तुम्हाला जे हवंय नेमकं तेच बंद आहे. ते आधी काढा.
मग असं करा. लाउडनेस फ्लॅटवर ठेवून, दिवसा, व्हॉल्यूम तुम्ही जास्तीत जास्त जितका ऐकता तिथे आणा. आता व्हॉल्यूमला हात लावू नका. लाउडनेसचं बटन हळूहळू फिरवत रात्रीच्या आवाजापर्यंत खाली या. ते बटन बास वाढवत नाही, मधला पट्टा खाली आणतं, आणि खालचे-वरचे सूर कानाच्या हिशेबाने मागे ठेवतं. पूर्वीच्या अँपवर लाउडनेसचा नुसता चालू-बंद खटका असायचा, त्याचा डोस आपल्याला कमी-जास्त करता यायचा नाही. त्यामुळेच लाउडनेस बदनाम झाला.

शुद्धस्वर:
माझा कडाडून विरोध. रेकॉर्डिंग इंजिनिअरने जे दिलंय त्यात आपण ढवळाढवळ का करायची? चांगल्या केबल टाका, चांदीच्या. हळू आवाजातला बारीक तपशील केबलमध्येच हरवतो.

हिशेबी:
इंजिनिअरने मिक्स केलं ते मोठ्या आवाजावर. तुम्ही ते फार खाली आणलंत तेव्हाच कानाच्या दृष्टीने ढवळाढवळ झाली. लाउडनेस ती दुरुस्त करतो. आणि केबल ६९ हर्ट्झ वेगळा काढून गिळत नाही.

मुळशीकर:
कोणी खोलीबद्दल विचारलंच नाही. स्पीकर ठेवलेत कुठे, आणि पंखा चालू असतो का?

जागरकर:
स्पीकर टीव्ही युनिटच्या दोन टोकांना, सोफा समोरच्या भिंतीला, १२ फूट असेल. पंखा अर्थातच चालू. डोंबिवलीत मे महिन्यात पंखा बंद करून कोण गाणं ऐकेल? पण त्याचा काय संबंध?

मुळशीकर:
फार संबंध आहे. पंख्याच्या आवाजात तानपुऱ्याची आस (मागे रेंगाळणारा नाद), शब्दाच्या शेवटचा श्वास, सम आल्यावरची मोकळी जागा हे सगळं बुडतं. लाउडनेस त्यावर काही करू शकत नाही. पंखा बंद नका करू, रेग्युलेटर दोनवर आणा.
दुसरं, १२ फुटांवरून ऐकू नका. खुर्ची ओढून ५-६ फुटांवर बसा आणि स्पीकर तोंडाकडे वळवा. अंतर निम्मं केलं की मोकळ्या जागेत ६ डेसिबल मिळतात. खोलीत त्याहून थोडे कमी, पण भिंतीवरून येणाऱ्या आवाजापेक्षा थेट आवाज जास्त येतो, त्यामुळे माणूस समोर बसल्याची भावना येते. शेजाऱ्याला एक डेसिबलही जास्त जात नाही.

पहिलामजला:
माझा अनुभव उलटा आहे. माझ्या वरच्या घरात असाच बास वाढवून रात्री गाणी लावतात. शब्द येत नाहीत, नुसतं धुप धुप स्लॅबमधून खाली येतं. ध्वनिप्रदूषण नियम २००० प्रमाणे निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ मर्यादा ४५ डेसिबल आहे, हेही ध्यानात घ्या.

खर्जप्रेमी:
तुमचा त्रास खरा आहे, पण लाउडनेस नीट लावला तर खर्ज दिवसापेक्षा कमीच राहतो, फक्त बाकीच्याइतका कमी होत नाही. स्पीकर लाकडी युनिटवर थेट ठेवले असतील तर खाली जाड रबराचे किंवा दाट फोमचे तुकडे द्या, फळीतून जाणारं कंपन बरंच घटतं. डोंबिवलीकर, तुमच्या फळीला हात लावून बघा, थरथरते का.

घाटकोपरी:
४५ डेसिबलचं सोडा हो, आमच्याकडे लग्नाच्या वरातीत रात्री अकराला डीजे असतो, तेव्हा कोणी नियम काढत नाही.

पहिलामजला:
म्हणून घरात बसून मीही सोसायचं का?

तंत्रज्ञ_सातारा:
ज्यांच्या अँपला असं बटन नाही त्यांच्यासाठी: विंडोजवर इक्वलायझर एपीओ या सॉफ्टवेअरमध्ये लाउडनेस करेक्शन आहे. रास्पबेरी पाय हा छोटा संगणक वापरत असाल तर कॅमिलाडीएसपी या सॉफ्टवेअरमध्ये आहे. आरएमई एडीआय-२ या डॅकमध्ये (डिजिटल सिग्नल अँपला चालेल असा बदलून देणारं यंत्र) व्हॉल्यूमबरोबर आपोआप बदलणारं आहे, पण तो बजेटबाहेर.
अजून एक. व्हॉल्यूमचं बटन अगदी तळाशी ठेवून ऐकलं तर काही अँपमध्ये डावी-उजवी बाजू सारखी वाजत नाही. माझ्या एका जुन्या अँपला हे होतं. सोर्सचा आवाज थोडा कमी करून बटन वर आणलं की तबला पुन्हा आपल्या जागी आला.

जागरकर:
काल रात्री करून बघितलं. प्युअर डायरेक्ट काढलं, लाउडनेस सांगितलं तसा, खुर्ची पुढे, पंखा दोनवर. विलंबित ख्याल लावला. डग्ग्यावरची मींड ऐकू आली, खर्जाची तार गाण्याखाली सतत जाणवत होती, आणि मुलगी उठली नाही. फळी थरथरते, आज रबर आणतो. खर्जप्रेमी, मुळशीकर, मनापासून आभार.
पण एक अडचण आहे. स्वरमंडलाच्या तारा आता जास्तच चकचकीत लागतात, कानाला टोचतात.

खर्जप्रेमी:
स्पीकर तोंडाकडे वळवल्याने तसं होत असेल. दोघांचा रोख कानाच्या थोडा बाहेर जाईल असे फिरवा. तरी टोचलं तर ट्रेबल एक खूण खाली. आणि सकाळी ऐकताना लाउडनेस परत फ्लॅटवर आणा, नाहीतर दिवसा सगळं फुगलेलं वाटेल.

शुद्धस्वर:
चाळीस हजार वाचलेच आहेत, तर आता तरी केबल बघा.

आईसाहेब_नाशिक:
माझ्या साउंडबारवर रात्री बातम्यांचे शब्द कळत नाहीत आणि जाहिराती मात्र किंचाळतात. त्यालाही हेच करायचं का?

हिशेबी:
नाही काकू, ते वेगळं. तुमच्या रिमोटवर नाइट मोड आहे का बघा, तो मोठा आवाज दाबतो आणि लहान वर आणतो. मॉडेल कोणतं आहे?