मदत हवी आहे – मुंबई ते न्यूयॉर्क विमान नक्की किती किमी उडतं?

नमस्कार मंडळी, आई पहिल्यांदाच ताईकडे न्यूयॉर्कला चाललीये, तिचे गुडघे फार दुखतात म्हणून सलग किती तास बसावं लागेल ते बघतोय. ग्लोबवर दोरा ताणून मोजलं तर सगळ्यात जवळचा रस्ता उत्तरेकडून जातो आणि अंतर साधारण १२,५०० किमी येतं, इथपर्यंत कळलं, पण बंद असलेल्या हवाई हद्दी टाळून जाताना विमानाला प्रत्यक्षात किती वळसा पडतो? शिवाय जाताना वारा समोरून असतो त्यामुळे येण्यापेक्षा जास्तच वेळ लागणार ना? हल्ली डायरेक्ट फ्लाइटने कोणी गेलं असेल तर प्लीज खरे तास सांगा, की आईसाठी मधे लंडनला उतरून पाय मोकळे केलेले बरे?