एबरबाखच्या ‘वापेन’ला मराठीत काय म्हणावं? कुलचिन्ह, लांछन की ढाल?

ओढ्याकाठी:
जर्मनीत नेकार नदीच्या काठी एबरबाख नावाचं छोटं शहर आहे. माझी लेक तिथे राहते. भेटीला येणाऱ्या नातलगांसाठी आम्ही दोघी गावाची चार पानी माहिती मराठीत लिहितोय, आणि पहिल्याच पानावर अडलोय. गावाचं ‘वापेन’, म्हणजे ढालीवर चितारलेलं गावाचं अधिकृत चिन्ह, असं आहे: रुपेरी ढालीवर काळा रानडुक्कर आणि त्याच्याखाली निळा लहरी पट्टा. ‘एबर’ म्हणजे नर डुक्कर, ‘बाख’ म्हणजे ओढा. गावाचं नावच चितारलंय. अशाला तिकडे ‘बोलकं वापेन’ म्हणतात.
मी ‘कुलचिन्ह’ लिहिलं होतं. थोरल्या दिरांनी ते खोडलं, म्हणाले, गावाला कुळ कुठलं? ‘मानचिन्ह’ केलं, तर म्हणाले ते शाल-श्रीफळाबरोबर देतात. ‘बोधचिन्ह’ मला संमेलनाचं वाटतं. काय लिहू? शिवाय झेंड्याला त्यांच्याकडे ‘फाने’ आणि ‘फ्लागे’ असे दोन शब्द आहेत. तेही सुचवा.

मुळाक्षर:
दिरांचं म्हणणं रास्त आहे. पश्चिम जर्मनीत 1967 ते 1978 या काळात गावं एकमेकांत विलीन केली. सुमारे 24 हजार ग्रामसंस्था होत्या, त्यातल्या साडेआठ हजार उरल्या. जोडलेल्या गावांनी मग नवी चिन्हं करून घेतली, पुष्कळदा प्रत्येक जुन्या गावाची एकेक खूण घेऊन. त्यात कुळाचा संबंध नाही.
आपल्याकडे याला नेमका शब्द आहे: लांछन. बदामीच्या चालुक्यांच्या ताम्रपटांत ‘वराहलांछन’ येतं. कदंबांचं लांछन सिंह, पण ध्वजावर वानर. म्हणजे लांछन आणि ध्वज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आपल्या लोकांना तेव्हाच पक्कं ठाऊक होतं. तयार शब्द असताना नवे कशाला घडवायचे?

सांजवात:
कारण शब्दाचा अर्थ आज बोलणारे ठरवतात. ‘एबरबाख शहराचं लांछन’ असं शीर्षक वाचून माझ्या सासूबाई पहिलं विचारतील, तिथे असं काय घडलं? आमच्या घरी हा शब्द फक्त ‘घराण्याला लांछन’ एवढ्यापुरता ऐकला. ताम्रपटातला अर्थ माहितीपत्रकात खाली टीप देऊन समजावायचा असेल, तर तो शब्द आपलं काम करत नाही.

शिवार:
सांजवात, ‘आज बोलणारे’ यात आम्ही येत नाही का? आम्ही सांगलीकडचे जैन. लहानपणी पाठशाळेत लांछनं पाठ करून घ्यायचे: महावीरांचं सिंह, पार्श्वनाथांचं नाग. विमलनाथांचं तर वराहच. मूर्तीच्या खाली बैठकीवर कोरलेलं लांछन बघूनच कोणते तीर्थंकर ते ओळखायचं. आमच्याकडे हा शब्द रोजच्या वापरात आहे, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

सांजवात:
हे मला माहीत नव्हतं. तरी पत्रक सगळ्यांसाठी आहे. माझं मत तेच.

रानवाटा:
मी ‘ढाल’ म्हणेन. आजोळी रायगडात जत्रेला ढालकाठी निघते. तिथे ढाल म्हणजे काठीवरचं निशाण. मी हे एकदा कॉलेजात सांगितलं, तर सर म्हणाले, ढाल हे संरक्षणाचं साधन, तू घोळ घालतोयस. घरी येऊन मोल्सवर्थचा जुना मराठी-इंग्रजी शब्दकोश उघडला, त्यात सैन्याचं मोठं निशाण हा अर्थ दिलेला आहे. ते वाहणारा हत्ती तो ढालगज. ताईंना ढालही हवी आणि झेंडाही हवा. एका शब्दात दोन्ही आहेत!

मुळाक्षर:
म्हणूनच तो नको. ताईंना दोन वस्तू वेगळ्या दाखवायच्या आहेत, तुम्ही त्या एकत्र बांधताय. जर्मनमध्येही ‘वापेन’ आणि ‘वाफे’ (शस्त्र) मुळात एकच शब्द. ‘वापेन’ हे त्याचं उत्तरेकडच्या बोलीतलं रूप. पण अर्थ वेगळे झाले तसे शब्दही वेगळे ठेवले गेले.
फाने-फ्लागेचं: फाने काठीला कायमची जोडलेली, एकुलती एक, जपून ठेवायची. फ्लागे दोरीने चढवायची, फाटली की दुसरी आणायची. मी फानेला ‘निशाण’ आणि फ्लागेला ‘झेंडा’ म्हणेन. पण कायदे हा भेद पाळत नाहीत. ग्रामसंस्थांच्या कायद्यात बव्हेरिया ‘फाने’ म्हणतो, नॉर्थ ऱ्हाइन-वेस्टफालिया ‘फ्लागे’.

काठपदर:
शीर्षकाचं तुम्ही बघा, मला वर्णनाबद्दल बोलायचंय. जर्मन वर्णन नुसतं ‘रुप्यात’ असं सुरू होतं ना? त्याचं ‘चांदीमध्ये डुक्कर’ करू नका. आम्ही येवल्याचे, घरात माग. पैठणीची जमीन मोरपंखी, त्यावर बुट्टी सोन्याची, असंच आम्ही बोलतो. तसंच इथे: ‘रुपेरी जमिनीवर काळा रानडुक्कर’. ढालीला कडेने पट्टी असेल तर तो काठ. त्यांचा नियमही मागावरच्या माणसाला लगेच पटेल: धातूवर धातू नको, रंगावर रंग नको. सोनं-रुपं एका बाजूला, लाल-निळा-हिरवा-काळा दुसऱ्या. जमीन आणि बुट्टी एकाच गटातली घेतली तर लांबून काही दिसत नाही.

ओढ्याकाठी:
‘जमीन’ घेतला! लेकीला फोनवर वाचून दाखवला, तिला एका झटक्यात कळलं. आणखी एक. तिकडच्या वर्णनात ‘उजवीकडे’ असतं ते चित्रात मला डावीकडे दिसतं.

शिवार:
ढाल धरणाऱ्याचा उजवा. आपल्या मूर्तींचंही तसंच: केशवाच्या खालच्या उजव्या हातात पद्म म्हणजे देवाचा उजवा, बघणाऱ्याचा नाही. एका ओळीत तेवढं सांगा.

रानवाटा:
पण ढालीवर अजून कोणी नीट उत्तर दिलेलं नाही.

काठपदर:
ताई, त्या भागातल्या इतर गावांची चिन्हंही देणार का? वुर्टेंबर्गमध्ये पुष्कळ गावांनी शिवेच्या दगडावरची खूण तशीच उचलली आहे: कुठे द्राक्षवेल छाटायचा कोयता, कुठे नांगराचं टोक.

ओढ्याकाठी:
दोन-तीन देणार आहे. नांगराच्या टोकाला मी ‘पास’ लिहिलंय.

शिवार:
पास कुळवाची. नांगराचा तो फाळ.

सांजवात:
आमच्या नाशिककडे वखराची पास म्हणतात.

शिवार:
वखर काय आणि कुळव काय, पास आडवी असते. चिन्हातलं टोक उभं आणि निमुळतं आहे का, ते आधी बघून सांगा.