मदत हवी आहे: बाबांच्या मोतीबिंदूसाठी ट्रायफोकल लेन्स घ्यावी का?

नमस्कार मंडळी, आम्ही शहापूर, बेळगावचे. बाबा 64 वर्षांचे, दोन्ही डोळ्यात मोतीबिंदू, उजवा आधी करायचा म्हणालेत डॉक्टर. आता लेन्स कुठली घालायची त्यावर घरात रोज भांडण चाललंय बघा. साधी मोनोफोकल घातली की लांबचं स्वच्छ दिसणार पण वाचायला चष्मा राहणारच, आणि ट्रायफोकलमध्ये लांबचं, कम्प्युटरच्या अंतरावरचं आणि जवळचं असं तिन्ही बहुतेक चष्म्याशिवाय होतं म्हणे. बाबांचं टेलरिंगचं काम, सुईत दोरा ओवायचा, सकाळी तरुण भारत वाचायचा, म्हणून ते ट्रायफोकलवरच अडून बसलेत.

पण माझी धाकधूक वेगळीच. ही लेन्स उजेड तीन ठिकाणी वाटते, त्यामुळं रात्री दिव्याभोवती वर्तुळं दिसतात आणि अंधुक उजेडात कॉन्ट्रास्ट कमी पडतो. आणि आमचे बाबा महिन्यातनं दोनदा चोर्ला घाटातनं रात्रीची गाडी चालवत गोव्याला जातात, ताईकडं, किती सांगितलं तरी ऐकत नाहीत! वर दहा वर्षांची शुगर. पडद्यात दोष असला तर ही लेन्स नको म्हणतात, मग ओसीटी (डोळ्याच्या पडद्याचा स्कॅन) करून घ्यायचा आग्रह मीच धरू काय? काउंटरवर पॅकेजचा कागद दिला, ह्यातलं कोण काही बोललंच नाही.

बेळगाव, खानापूर, निपाणीकडचं कोणी ही लेन्स घातलेलं असेल तर सांगा की. वर्तुळांची सवय व्हायला किती दिवस लागले? आणि बारीक सुईकाम खरंच चष्म्याशिवाय जमतंय काय?